मेट्रोची पार्किंग अशी आडजागी का असतात? (डीसी आणि इतर शहरं)

शेवंती

व्हर्जिनियात हर्नडनला, टोल रोडच्या उत्तरेला राहायला जाणार आहोत. ऑफिस वॉशिंग्टन डीसीत फॅरागट वेस्टपाशी, म्हणजे सिल्व्हर लाइनने थेट. घरून स्टेशनपर्यंत गाडी न्यायची, तिथे लावायची आणि पुढे मेट्रोने जायचं असं ठरतंय.

पण नकाशा बघितला की पार्किंगच्या जागांचा काही मेळ लागत नाही. लाउडन गेटवेला मोठं गॅरेज (बहुमजली पार्किंग) आहे आणि आजूबाजूला घरंच नाहीत. टायसन्सला चार स्टेशनं आहेत, तिथे मेट्रोचं एकही गॅरेज नाही. व्हर्जिनियातल्याच व्हिएन्नाचं स्टेशन महामार्गाच्या मधोमध बसलंय. आर्लिंग्टन काउंटीत इतकी स्टेशनं, पण पार्किंग फक्त ईस्ट फॉल्स चर्चला. हे असं का? आणि यातलं आम्ही कुठे लावावं? डीसीच्या जितकं जवळ जाऊन लावू तितका वेळ वाचेल असं वाटतंय, ते बरोबर आहे का? इतर शहरांमधल्या जाणकारांनीही जरूर लिहा.

आडवाट

शेवंती, या चारही जागांमागे एकच गोष्ट आहे. प्रवाशाला कुठे सोयीचं पडेल हे बघून पार्किंगची जागा ठरलेली फार कमी वेळा दिसते. ज्या जमिनीवर दुसरं काही बांधता येत नाही, किंवा जी रस्त्याच्या निमित्ताने सरकारकडे आधीच आलेली असते, तिथे पार्किंग जातं. स्टेशनाजवळची जी जमीन बांधायला उत्तम, ती पार्किंगला कुणी देत नाही, आणि माझ्या मते देऊही नये.

लाउडन गेटवे घ्या. हे स्टेशन डलेस विमानतळाच्या अगदी शेजारी, ओल्ड ऑक्स रोडपाशी, डलेस ग्रीनवे या महामार्गाच्या मधल्या पट्ट्यात आहे. विमानांच्या आवाजाच्या पट्ट्यात लाउडन काउंटी नवीन घरांना परवानगी देत नाही. त्यामुळे १५ नोव्हेंबर २०२२ ला सिल्व्हर लाइनचा दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हा या स्टेशनभोवती वस्ती नव्हती आणि पुढेही ती सहजासहजी होणार नाही. आसपास डेटा सेंटर्स आहेत, त्यांतून प्रवासी फारसे येत नाहीत. मग त्या स्टेशनाला प्रवासी आणायचे कुठून? गाड्यांमधून. तिथलं गॅरेज विचित्र दिसतं खरं, पण त्या जागेचा तोच एक योग्य उपयोग आहे.

टायसन्सचं बरोबर उलटं. तिथे गाड्यांच्या गर्दीतून मुक्त, चालत फिरता येईल असं शहर उभं करायचं होतं, म्हणून फेअरफॅक्स काउंटीने मेट्रोसाठी कायमचं गॅरेज बांधायचं नाही असं धोरण ठेवलं. रिकाम्या प्लॉटवर तात्पुरते लॉट (उघड्यावरचं पार्किंग) आले, तेही बांधकाम सुरू होईपर्यंतच्या बोलीवर. अशा लॉटवर रोजच्या प्रवासाचं गणित बसवू नका.

आर्लिंग्टनने हा निर्णय कितीतरी आधी घेतला. ऑरेंज लाइन महामार्गाच्या मधून न्यायचं स्वस्त पडलं असतं. काउंटीने आग्रह धरून ती रॉसलिन ते बॉलस्टनपर्यंत विल्सन बुलेव्हार्डच्या पट्ट्यात जमिनीखालून नेली. बॉलस्टनला मेट्रो १९७९ मध्ये पोचली. त्या स्टेशनांभोवती उंच इमारती आहेत, लोक चालत येतात. ईस्ट फॉल्स चर्च मात्र आय-६६ या महामार्गाच्या मधल्या पट्ट्यात पडलं, म्हणून तिथे लॉट आहे. जागा चारशेच्या आसपास.

व्हिएन्नाची कथा रस्त्याची आहे. बेल्टवेच्या (डीसीभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गाच्या) आतल्या आय-६६ ला स्थानिकांचा मोठा विरोध होता. १९७७ मध्ये वाहतूकमंत्री विल्यम कोलमन यांनी अटी घालून मान्यता दिली: चारच लेन, जड ट्रकना बंदी, मधल्या पट्ट्यात मेट्रोसाठी जागा. रस्ता १९८२ ला उघडला, मेट्रो व्हिएन्नापर्यंत १९८६ ला गेली. लाइनचं टोक महामार्गात आलं, म्हणून दोन्ही बाजूंना गॅरेज आणि महामार्गावरून थेट रॅम्प. जागा पाच हजारांच्या घरात. पश्चिमेकडून येणाऱ्यासाठी ती उत्तम सोय आहे, पण तुम्ही हर्नडनहून तिकडे वळण्यात काही अर्थ नाही.

आता तुमचं. जवळ जाऊन लावण्याचा विचार सोडा. ईस्ट फॉल्स चर्चला जायचं तर आधी डलेस टोल रोडचा टोल, मग आय-६६ चा. बेल्टवेच्या आत पूर्वेकडे सकाळी साडेपाच ते साडेनऊ टोल लागतो आणि तो गर्दीप्रमाणे चढतो. तीन माणसं गाडीत असतील आणि ई-झेडपास फ्लेक्स (टोल भरायचं यंत्र) एचओव्हीवर, म्हणजे ‘गाडीत जास्त माणसं’ या खुणेवर, लावलेला असेल तरच तिथे माफी. डिसेंबर २०२२ पूर्वी दोन माणसं पुरायची, त्यामुळे जुन्या ब्लॉगवरची माहिती वाचून जाऊ नका. एवढं करून लॉट भरलेला मिळू शकतो, आणि तिथे दुसरं गॅरेज नाही.

हर्नडनच्या आसपासचं स्टेशन बदलून भाड्यातही काही वाचत नाही. मेट्रोचं भाडं अंतरावर असलं तरी त्याला वरची मर्यादा आहे. जून २०२४ अखेरच्या दरवाढीनंतर ती ६.७५ डॉलर झाली. हर्नडनहून डाउनटाउनला तेच कमाल भाडं पडतं आणि ॲशबर्नहूनही तेच.

तेव्हा हर्नडन स्टेशनच. पण एक गोष्ट आधी नीट बघा. स्टेशन टोल रोडच्या मध्ये आहे. दोन्ही गॅरेजेस दक्षिणेला, सनराइज व्हॅली ड्राइव्हच्या बाजूला आहेत. उत्तरेला, हर्नडन पार्कवेकडे, फक्त माणसं उतरवायची जागा, बस आणि सायकली. तुम्ही उत्तरेला राहणार, म्हणजे रोज टोल रोड ओलांडून दक्षिणेला जाऊन गाडी लावायची आणि पादचारी पुलावरून पुन्हा अर्धा महामार्ग ओलांडून फलाटावर यायचं. मैलभराच्या आत घर असेल तर उत्तरेच्या दाराने चालत किंवा सायकलने जाणं गाडीपेक्षा लवकर होतं. घर घेण्यापूर्वी पत्ता मिळाला की हे अंतर उत्तरेच्या दारापासून मोजा. नकाशावर ‘स्टेशन’ म्हणून जी खूण असते ती महामार्गाच्या मधोमध असते, तिथून मोजू नका.

पुढे-मागे स्टेशन बदलावं लागलं तर लक्षात असू द्या: रेस्टन टाउन सेंटरला मेट्रोचं गॅरेज नाही. विली-रेस्टन ईस्टचं गॅरेज उत्तर बाजूला आहे, चौकाच्या आणि इमारतींच्या खाली, जागा २,३०० च्या आसपास.

सांधा

आडवाट यांनी जागांचा इतिहास दिलाय. मी आकडे देतो, म्हणजे सगळ्या पार्किंगचा आकार आणि जागा यांचा संबंध कळेल.

एका गाडीची खाच, म्हणजे लावायची जागा, साधारण २.७ मीटर रुंद आणि ५.५ मीटर लांब. म्हणजे १५ चौरस मीटर. पण समोर गाडी वळवायला मार्गिका लागते, तिचा अर्धा वाटा धरला की २५ होतात. रॅम्प, कोपरे, बर्फ ढीग करायची जागा, पाण्याचा निचरा हे धरून ३० चौरस मीटर म्हणा. एका हेक्टरवर सव्वातीनशे गाड्या. बहुतेक गाड्यांत एकच माणूस असतो. आठ डब्यांच्या मेट्रोत बसायच्या जागाच पाचशेच्या वर असतात. थोडक्यात, स्टेशनाला लागून असलेली एक हेक्टर मोलाची जमीन डांबराखाली घातली तरी दिवसभरात एका मेट्रोची आसनंसुद्धा भरत नाहीत, कारण सकाळी लावलेली गाडी संध्याकाळपर्यंत ती जागा अडवून बसते.

म्हणून मग मजले चढवतात. त्यात एका जागेला वीस-पंचवीस हजार डॉलर सहज लागतात, जमिनीखाली गेलं तर त्याहून कितीतरी जास्त. दिवसाच्या पाच डॉलरमधून हा खर्च निघत नाही. त्यामुळे गॅरेज बांधायला जमीन जवळजवळ फुकट हवी असते, आणि फुकट जमीन म्हणजे महामार्गाचा कडेचा तुकडा, आवाजाचा पट्टा, विजेच्या तारांखालची पट्टी.

जागा निवडण्याचा खरा नियम एकच आहे: पार्किंग कोंडीच्या अलीकडे हवं. रस्ता जिथे रोज तुंबतो त्याच्या आधी माणसाला गाडीतून उतरवता आलं तर उपयोग. कोंडी पार करून आलेला माणूस पुढचे चार मैल गाडीनेच जातो. ईस्ट फॉल्स चर्च कोंडीच्या पलीकडे आहे, हर्नडन आणि व्हिएन्ना अलीकडे.

रॅम्प कुठल्या दिशेने आहेत तेही बघावं लागतं. मेरीलँडमध्ये ग्रीनबेल्ट स्टेशनाला बेल्टवेवरून थेट रॅम्प आहे, पण तो अर्धाच आहे, सगळ्या दिशांनी उतरता-चढता येत नाही. चुकीच्या बाजूने येणाऱ्याला पुढच्या एक्झिटने उतरून गल्ल्यांतून फिरून यावं लागतं. गुगलवर सकाळचा आणि संध्याकाळचा मार्ग वेगवेगळा काढून बघा. जाताना जी सोय असते ती येताना असेलच असं नाही.

खरी अडचण संध्याकाळी येते. सकाळी लोक दोन-अडीच तासांत विखरून येतात. संध्याकाळी मात्र प्रत्येक मेट्रो शंभर-दोनशे माणसं एकदम सोडते आणि ती सगळी पाच मिनिटांत आपापल्या गाडीत बसतात. कार्ड टेकवून बॅरियर उघडायला एका गाडीला सात-नऊ सेकंद, म्हणजे एका लेनमधून तासाला ४०० ते ५००. दोन-तीन बॅरियर असले की दोष त्यांचा नसतो, बाहेरच्या सिग्नलचा असतो. सलग हिरव्यात एका लेनमधून तासाला साधारण १,८०० गाड्या जातात. गॅरेजच्या बाजूला सिग्नलचा ३० टक्केच वेळ मिळत असेल तर ५४० झाल्या. बॅरियर वाढवून रांग आतून बाहेर सरकते, कमी होत नाही.

यावर करण्यासारखं इतकंच: गाडी सर्वांत वरच्या रिकाम्या मजल्यावर नेण्यापेक्षा पादचारी पूल ज्या मजल्याला जोडलेला आहे तिथे किंवा त्याच्या एक मजला खाली लावा. लिफ्टची वाट बघावी लागत नाही. जिन्याने एक मजला उतरणारा माणूस लिफ्टवाल्यांच्या आधी गाडीत बसतो आणि रांगेत पुढे असतो. गाडी मागे घालून, तोंड मार्गिकेकडे करून लावा, जर तिथे मनाई नसेल तर. गर्दीत उलट निघणं हे आतल्या खोळंब्याचं मोठं कारण आहे. आणि खांबाचा क्रमांक फोटोत घेऊन ठेवा, जुळ्या गॅरेजमध्ये गॅरेजचं नावसुद्धा.

शेवंती

दोघांचेही खूप आभार. उत्तरेच्या दाराचं आणि दक्षिणेच्या गॅरेजचं हे कुठेच वाचलं नव्हतं, घर बघताना याचाच विचार आधी करू. पैसे भरण्याची पद्धत काय आहे? ऑफिसकडून प्रवासभत्ता मिळणार आहे, तो पार्किंगला चालतो का? आणि भारतात जाताना गाडी तीन आठवडे मेट्रोच्या गॅरेजमध्ये ठेवून डलेसला जाता येईल का?

कातळवाट

बॉस्टनचं लिहितो. इथलं एलवाइफ स्टेशन या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे.

रेड लाइनचं हे वायव्येकडचं शेवटचं स्टेशन. रूट २ हा रुंद, वेगाचा महामार्ग पश्चिमेकडून येतो आणि केंब्रिजच्या वेशीवर अचानक संपतो. जिथे तो संपतो तिथेच पाणथळ भागाला लागून २,७०० च्या आसपास गाड्यांचं बहुमजली गॅरेज उभं आहे. नवखा माणूस विचारतो की हा महामार्ग इथे का थांबला. तो थांबणार नव्हता. केंब्रिज आणि सॉमरव्हिलमधून पुढे जाऊन तो ‘इनर बेल्ट’ नावाच्या वर्तुळाकार महामार्गाला मिळणार होता. त्यासाठी हजारो घरं पडणार होती. लोकांनी चळवळ केली आणि फेब्रुवारी १९७० मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी या महामार्गांचं काम थांबवलं. १९७३ च्या केंद्रीय महामार्ग कायद्याने रद्द झालेल्या महामार्गाचा पैसा रेल्वेकडे वळवायची मुभा दिली. बॉस्टनने ती वापरली आणि हार्वर्डच्या पुढे रेड लाइन वाढली. पोर्टर आणि डेव्हिस डिसेंबर १९८४ मध्ये उघडले, एलवाइफ मार्च १९८५ मध्ये.

आता दुसरा भाग. लाइन एलवाइफला संपायची नव्हती. ती आर्लिंग्टन गावातून पुढे जाणार होती (हे मॅसॅच्युसेट्समधलं आर्लिंग्टन, वर आलेलं व्हर्जिनियातलं नव्हे). गावाने विरोध केला आणि ते टोक कापलं गेलं. त्यामुळे मधल्या स्टेशनासाठी ठरवलेल्या जागेवर शेवटच्या स्टेशनाचा सगळा भार आला. स्टेशनाच्या पुढेही बोगदा थोडा जातो, तिथे आता मेट्रोच्या गाड्या उभ्या करतात. जुन्या रेल्वेच्या पट्ट्यावर १९९२ पासून मिनटमन सायकलमार्ग आहे, तो लेक्सिंग्टनवरून येऊन थेट एलवाइफला संपतो.

व्यवहारात याचा अर्थ असा. सकाळी रूट २ वरून गॅरेजला येणं सोपं आहे, कारण रॅम्पच त्यासाठी आहेत. संध्याकाळी गॅरेजमधल्या गाड्या आणि केंब्रिजहून पश्चिमेला निघालेल्या गाड्या एकाच तोंडाशी येतात, आणि वर सांधा यांनी सांगितलेली सिग्नलची अडचण इथे रोज दिसते. आर्लिंग्टन-लेक्सिंग्टनकडून येणाऱ्याने मार्च ते नोव्हेंबर सायकलचा विचार नक्की करावा. स्टेशनात सायकल-पिंजरे आहेत.  पिंजऱ्यातही सायकल यू-आकाराच्या कुलपाने फ्रेमसकट बांधा, फक्त चाक बांधू नका. गॅरेज १९८५ चं आहे, काँक्रीटच्या दुरुस्तीसाठी अधूनमधून वरचे भाग बंद असतात, त्यामुळे निघण्याआधी सूचना बघाव्या.

दक्षिणेला क्विन्सी ॲडम्स हे आणखी एक. १९८३ मध्ये उघडलेलं स्टेशन, अडीच हजारांच्या आसपास जागा, महामार्गावरून थेट गॅरेजमध्ये रॅम्प. इतकं गाडीकेंद्री की शेजारच्या वस्तीकडचं पायी जायचं फाटक तीसेक वर्षं कुलूपबंद होतं. आपल्या गल्लीत बाहेरच्यांनी गाड्या लावू नयेत म्हणून रहिवाशांचीच ती मागणी होती. परिणामी कुंपणापलीकडे स्टेशन दिसत असून चालत जाणाऱ्याला मोठा वळसा पडायचा. ते फाटक आता उघडलंय. पण घर शोधणाऱ्या कुणालाही सांगेन, नकाशावरच्या सरळ रेषेवर विश्वास ठेवू नका, पायवाट प्रत्यक्ष उघडी आहे का ते जाऊन बघा.

हिमरेषा

टोरांटोत याच प्रश्नाचं उत्तर डोक्यावर दिसतं. विजेच्या तारा.

शहराच्या उत्तरेला फिंच ॲव्हेन्यूला समांतर, पूर्व-पश्चिम उच्च दाबाच्या वाहिन्यांचा रुंद पट्टा आहे. जमीन प्रांताच्या मालकीची, व्यवस्था हायड्रो वनकडे. तारांखाली पक्की इमारत बांधता येत नाही, उंच झाडं लावता येत नाहीत. बागा, सायकलमार्ग, पार्किंग असे ‘दुय्यम वापर’ भाडेकराराने चालतात. १९७४ मध्ये यंग लाइन फिंचपर्यंत आली, ती नेमकी या पट्ट्यापाशी. स्टेशनाच्या दोन्ही बाजूंना तारांखाली मिळून तीन हजारांहून जास्त गाड्यांचे लॉट झाले. पश्चिमेच्या लॉटला हेंडन ॲव्हेन्यूकडून जायचं, पूर्वेच्या लॉटला बिशप ॲव्हेन्यूकडून. १९८० मध्ये ब्लूर लाइन किपलिंगला पोचली, तिथलं पार्किंगही तारांखालीच. १७ डिसेंबर २०१७ ला उघडलेल्या वॉनकडच्या वाढीव मार्गावर फिंच वेस्ट आणि पायोनियर व्हिलेज यांचे लॉटसुद्धा वीजपट्ट्यातच आहेत. पायोनियर व्हिलेजचा मोठा आहे, एकोणीसशेच्या आसपास.

लॉट लांबट आणि अरुंद का, तेही यातूनच कळतं. पट्ट्याची रुंदी ठरलेली, म्हणून वाढ फक्त लांबीने होते. उशिरा येणाऱ्याला दूरचं टोक मिळतं आणि तिथून दाराशी यायला दहा मिनिटं लागू शकतात. मजले चढवता येत नाहीत, त्यामुळे सगळं उघड्यावर. जानेवारीत बर्फ काढायचा ब्रश आणि खरवडणी गाडीत हवीच, आणि संध्याकाळी गाडी मोकळी करायला वेळ धरावा लागतो. बर्फाचे ढीग कडेच्या खाचांवर टाकतात, म्हणजे हिवाळ्यात जागा घटतात. गोठत्या पावसानंतर तारांवरचा बर्फ तुकड्यांनी खाली पडतो. त्या दिवशी तारांच्या बरोबर खाली न लावता मनोऱ्यांच्या ओळीपासून बाजूला लावा. छपरावर उंच सामान बांधलेली गाडी किंवा उंच ट्रक असेल तर दाराशी लिहिलेली उंचीची मर्यादा पाळा, ती तारांच्या सुरक्षित अंतरासाठी आहे. गाडीच्या दाराला हात लावताना बारीकसा झटका जाणवतो, तो तारांमुळे पत्र्यावर जमलेल्या भाराचा, त्याने इजा होत नाही.

आणखी आडजागी म्हणावं असं स्टेशन म्हणजे ‘हायवे ४०७’. एका बाजूला टोलचा महामार्ग, जवळच ब्लॅक क्रीकचा ओढा आणि दफनभूमी. चालत येण्यासारखी वस्ती नाही. ते बसगाड्या आणि पार्किंग यांच्यासाठीच बांधलं. २०१९ च्या जानेवारीत यॉर्क विद्यापीठात जाणाऱ्या ‘गो’ या उपनगरी सेवेच्या बस तिथे हलवल्या आणि विद्यार्थ्यांना दोन स्टेशनांसाठी वेगळं भाडं पडू लागलं. २६ फेब्रुवारी २०२४ पासून ‘वन फेअर’ योजनेत गो आणि टीटीसी (टोरांटोची मेट्रो-बस सेवा) यांचं दुहेरी भाडं गेलं, तेव्हा तो भुर्दंड संपला. त्यासाठी दोन्हीकडे तेच कार्ड टेकवावं लागतं, एकीकडे प्रेस्टो (तिथलं प्रवासाचं कार्ड) आणि दुसरीकडे बँकेचं कार्ड केलं तर सूट मिळत नाही.

इथे मासिक पासवाल्यांना पूर्वी पार्किंग फुकट होतं, ते २००९ मध्ये बंद झालं.

पायरव

सगळे जण पार्किंगसाठी ‘टाकाऊ’ जमीन वापरतात असं म्हणताहेत. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, बार्ट या मेट्रोचं नॉर्थ बर्कली स्टेशन बघा, ते या नियमात बसत नाही. स्टेशन जमिनीखाली, आणि वर अगदी नीटस जुन्या घरांच्या वस्तीत मधोमध मोठा लॉट. महामार्ग नाही, तारा नाहीत.

कारण असं की मूळ आराखड्यात बर्कलीतून बार्ट उन्नत मार्गाने जायची होती. शहराचे दोन भाग पडतील म्हणून १९६६ मध्ये मतदारांनी स्वतःवर कर लावून घेऊन ती जमिनीखाली घातली. पण स्टेशनं वरून खणून बांधली, त्यासाठी घरं पाडली, आणि खड्डा बुजवल्यावर वर पार्किंग झालं. ॲशबीलाही तसंच. २०१८ च्या राज्याच्या कायद्याने, एबी २९२३ ने, बार्टच्या अशा जमिनींवर घरांना परवानगी देणं शहरांना बंधनकारक केलं. बर्कलीच्या या दोन स्टेशनांवर किमान सात मजले आणि एकरी ७५ घरं. त्यामुळे तिथल्या पार्किंगवर दीर्घकाळाचा भरवसा ठेवून कुणी घर घेऊ नये.

सांधा

पायरव, चांगलं उदाहरण दिलंत. तुमच्या आकड्यांनी माझं गणितही पुरं होतं. एकरी ७५ म्हणजे हेक्टरी १८५ घरं. तेवढ्याच जागेत सव्वातीनशे गाड्या मावतात आणि त्या दिवसातून एकदा जातात, एकदा येतात, तेही कामाच्या दिवशी. १८५ घरांतली माणसं सकाळी, दुपारी, रात्री, शनिवार-रविवारीही स्टेशन वापरतात. जिथे घरं बांधता येतात तिथे पार्किंग ठेवणं मला पटत नाही. पण लाउडन गेटवेला किंवा फिंचच्या तारांखाली घरं बांधताच येत नाहीत. तिथलं पार्किंग मोडून टाका म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आडवाट

शेवंती, तुमचे राहिलेले प्रश्न.

पैसे गॅरेजमधून बाहेर पडताना भरायचे, आत जाताना नाही. दिवसाला पाच डॉलरच्या आसपास, नेमका दर दाराशी असतो. मेट्रोच्या स्वतःच्या लॉटमध्ये शनिवार-रविवारी आणि केंद्रीय सुट्ट्यांना साधारणपणे पैसे लागत नाहीत. मात्र सिल्व्हर लाइनच्या या टोकाची गॅरेजेस काउंट्यांची आहेत, मेट्रोची नाहीत, त्यामुळे मेट्रोच्या संकेतस्थळावरचा प्रत्येक नियम तिथे लागू होईल असं धरू नका. हर्नडन, इनोव्हेशन सेंटर, विली यांच्यासाठी फेअरफॅक्स काउंटीचं पान बघा. ॲशबर्न आणि लाउडन गेटवेसाठी लाउडनचं.

प्रवासाला आणि पार्किंगला एकच स्मार्टट्रिप कार्ड वापरा. मेट्रोच्या काही लॉटमध्ये मेट्रोने न गेलेल्याला जास्त दर असतो, आणि तुम्ही गेलात की नाही हे यंत्र त्या कार्डावरूनच ओळखतं. २०२५ पासून स्टेशनाच्या गेटवर बँकेचं कार्डही चालतं, पण ते टेकवून प्रवास केला आणि गॅरेजला स्मार्टट्रिप दाखवलं तर दोन्हींचा मेळ बसणार नाही. प्लास्टिकचं कार्ड फोनमध्ये हलवलं की ते प्लास्टिक बाद होतं. घरात दोघांनी एक कार्ड आलटून पालटून वापरायचा विचार असेल तर फोनमध्ये हलवू नका.

ऑफिसचा भत्ता मेट्रोच्या स्मार्टबेनिफिट्स योजनेतून येत असेल तर त्यात प्रवास आणि पार्किंग असे दोन वेगळे कप्पे असतात. एकातला पैसा दुसऱ्यात जात नाही. २०२५ मध्ये करमुक्त मर्यादा दोन्हींना वेगवेगळी, महिन्याला ३२५ डॉलर होती. ऑफिसने सगळी रक्कम प्रवासाच्या कप्प्यात टाकली तर गॅरेजच्या बाहेर पडताना कार्डावर पैसे दिसत असूनही बॅरियर उघडणार नाही. एचआरला सुरुवातीलाच दोन्ही रकमा वेगळ्या सांगा, आणि पार्किंगचा कप्पा काउंटीच्या गॅरेजमधल्या यंत्रावर चालतो का ते काउंटीला विचारून घ्या. पहिल्या दिवशी क्रेडिट कार्ड आणि थोडी शिल्लक असलेलं स्मार्टट्रिप, दोन्ही जवळ असू द्या.

डब्याचं एक. हर्नडनहून फॅरागट वेस्टला जाताना गाडी पूर्वेकडे जाते. ऑफिस १८ व्या रस्त्याच्या बाजूला असेल तर मागच्या डब्यांत बसा, १७ व्या रस्त्याला असेल तर पुढच्या.

तीन आठवडे गाडी ठेवायची तर मेट्रोचं गॅरेज त्यासाठी नाही. अनेक दिवसांच्या पार्किंगची मेट्रोची सोय ग्रीनबेल्ट, हंटिंग्टन आणि फ्रँकोनिया-स्प्रिंगफील्ड या तीन स्टेशनांवर मोजक्या जागांपुरती होती आणि तीही दहा दिवसांपर्यंत. काउंटीच्या गॅरेजमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिलेली गाडी उचलून नेली जाऊ शकते. तुमच्यासाठी याहून सोपा मार्ग आहे. हर्नडनहून डलेस विमानतळ दुसरंच स्टेशन, मध्ये फक्त इनोव्हेशन सेंटर. कुणी उत्तरेच्या दाराशी सोडलं की पुढे मेट्रो, शनिवार-रविवारी भाडं अडीच डॉलरच्या वर जात नाही. विमानतळाचं स्टेशन उन्नत आहे, लिफ्टने खाली उतरून सरकत्या पट्ट्यांच्या भुयारी मार्गाने टर्मिनलला जायचं. तेवीस किलोच्या दोन-दोन बॅगा असतील तर सरकत्या जिन्याच्या वाटेला जाऊ नका, लिफ्ट धरा आणि फलाटापासून काउंटरपर्यंत पंधरा मिनिटं राखून ठेवा. कामाच्या दिवशी पहिली गाडी पहाटे पाचच्या सुमारास सुटते. विमान त्याहून लवकरचं असेल तर मेट्रो उपयोगाची नाही, टॅक्सी सांगा.